मूल होत नाहीं : तपासणी कोणाची?

आमच्या तपासणीच्या खोलींत येणाऱ्या कुटुंबांची एक रीत आम्हांस इतक्या वर्षांत पाठ होऊन गेली आहे. प्रथम सासूबाई येतात. त्यांच्या मागून सूनबाई, हातांत कागदपत्रांची जाडजूड फाइल घेऊन. आणि चिरंजीव बहुधा बाहेर गाडी उभी करण्यास जागा शोधीत असतात. जागा सांपडली तरी ते आंत येतीलच असा नेम नसतो. कारण घरून निघतांनाच ठरलेलें असतें कीं, दाखवावयाचें आहे तें सुनेला. मुलास केवळ सोबतीला आणलें आहे.

गेल्या पावसाळ्यांत असेंच एक कुटुंब आलें. लग्नास सात वर्षें झालेलीं. पति अडतीस वर्षांचे, बँकेंत अधिकारी. पत्नी पस्तीस वर्षांच्या, महाविद्यालयांत शिकविणाऱ्या. फाइल आम्हीं पहिल्या पानापासून चाळली. तींत रक्ताच्या तपासण्या होत्या, सोनोग्राफीचीं चित्रें होतीं, गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं दोनदां काढलेले क्ष-किरणांचे फोटो होते, भूल देऊन दुर्बिणीनें पोट तपासल्याचा अहवाल होता, आणि तीन निरनिराळ्या डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या गोळ्यांचे कागद होते. सर्वांचें तात्पर्य एकच : बाईंच्या प्रकृतींत मूल न होण्याजोगें कांहीं आढळत नाहीं. सत्तरांहून अधिक कागद होते. परंतु त्यांत पतीच्या नांवाचा एकहि कागद नव्हता.

आम्हीं विचारलें, "यांची तपासणी केव्हां झाली?" सूनबाईंनीं मान खालीं घातली. सासूबाई किंचित् हसून म्हणाल्या, "त्याला काय झालंय, डॉक्टर? चांगला धडधाकट आहे. दोष असता तर कळला नसता का?"

ह्या प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. प्रामाणिक समजूत होती. तिचा सर्व दोष त्या माउलीस देणेंहि योग्य नाहीं. कारण ज्या तीन डॉक्टरांनीं ती फाइल फुगविली, त्यांपैकीं एकानेंहि पतीस बोलावून घेतलें नव्हतें, आणि ही आमच्या व्यवसायास लाज आणणारी गोष्ट आहे. ही समजूत सुशिक्षित घरांतहि इतकी दृढ आहे, आणि तिच्यापायीं निरपराध स्त्रियांचीं इतकीं वर्षें वायां जातात कीं, संकोच बाजूस ठेवून तिच्याविषयीं स्पष्टपणें लिहिणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. हें मासिक घरांतील लहानथोर सर्व मंडळी वाचतात याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून जें लिहावयाचें तें सभ्य शब्दांत, पण आडपडदा न ठेवतां लिहीत आहों.

भाषेचा पक्षपात

कोणताहि प्रतिबंधक उपाय न योजतां बारा महिने नियमित सहवास होऊनहि गर्भ राहिला नाहीं, तर वैद्यकशास्त्र त्यास वंध्यत्व म्हणतें व तपासणीचा सल्ला देतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील प्रौढांपैकीं दर सहा माणसांत सुमारें एकास आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा अनुभव येतो. अशा जोडप्यांचा जो अभ्यास आजवर झाला आहे त्यावरून असें दिसतें कीं, सुमारें पांचांपैकीं एका जोडप्यांत कारण केवळ पुरुषाकडे असतें, आणि आणखी शेंकडा ३० ते ४० जोडप्यांत तें पुरुषाकडेहि असतें व स्त्रीकडेहि असतें. म्हणजे जवळजवळ निम्म्या ठिकाणीं पुरुषास वगळून केलेला विचार चुकीचा ठरतो.

असें असतां आपली रोजची मराठी पहा. 'वांझ' हा शब्द आपण स्त्रीस लावतों, गाईस लावतों, झाडासहि लावतों. पुरुषास मात्र लावीत नाहीं. पुरुषासाठीं जो शब्द आपल्यापाशीं आहे तो 'नपुंसक', आणि त्याचा अर्थ अगदीं निराळा. ज्याचें पतिपत्नीचें नातें सर्व प्रकारें यथास्थित आहे, परंतु ज्याच्या बीजांत न्यून आहे, अशा पुरुषासाठीं आपल्या बोलींत शब्दच नाहीं. त्यामुळें होतें असें कीं, तपासणीचें नांव काढतांच पुरुषास तो आपल्या पुरुषत्वावरील आरोप वाटतो, आणि त्याच्या आईस तो आपल्या कुळाचा अपमान वाटतो.

वस्तुतः ह्या दोन गोष्टींचा संबंध फार थोडा आहे. वीर्य म्हणून जो द्रव असतो त्याचा बहुतेक भाग शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथि या दोन ठिकाणीं तयार होतो. वृषणांतून येणारे शुक्राणु हा त्याचा शेंकडा दोन ते पांच इतकाच अंश. तो अंश मुळींच नसला तरी द्रवाचें प्रमाण, रंग किंवा सहवासांतील सामर्थ्य यांत कांहींहि फरक जाणवत नाहीं. ज्या पुरुषांनीं नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतलेली असते त्यांचें उदाहरण घ्यावें. त्यांच्या वीर्यांत शुक्राणु नसतात, परंतु त्यांच्या संसारसुखांत उणें येत नाहीं. तेव्हां "दोष असता तर कळला नसता का?" या प्रश्नाचें उत्तर इतकेंच कीं, कळला नसता. तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालींच कळतो.

जुने ग्रंथकार काय सांगतात?

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट अजीबात ठाऊक नव्हती असें म्हणतां येत नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत वराचीं लक्षणें दिलीं आहेत. तो विद्यासंपन्न, तरुण, बुद्धिमान् व लोकांस प्रिय असावा, आणि त्याचें पुरुषत्व यत्नपूर्वक पारखलेलें असावें, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. आजच्या वधूपरीक्षेंत मुलीची उंची, रंग, शिक्षण, पत्रिका सर्व पाहणारे आपण स्मृतिकारांचें हें एक वचन मात्र सोयीस्करपणें विसरलों आहों.

सुश्रुतानें गर्भधारणेस ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज हीं चार अंगें आवश्यक मानलीं आहेत, आणि शेतांतील अंकुराचा दाखला दिला आहे. चौघांपैकीं बीज बिघडलें तरी अंकुर फुटणार नाहीं, हें ओघानेंच आलें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. आणि आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं वाजीकरण हें एक संपूर्ण अंग पुरुषाच्या चिकित्सेस वाहिलेलें आहे. महाभारतांत विचित्रवीर्य निपुत्रिक वारला तेव्हां अंबिका व अंबालिका यांस कोणी वंध्या म्हटलें नाहीं. पांडूला संतति होत नव्हती ती त्याला मिळालेल्या शापामुळें, आणि त्यानें तें कुंतीपाशीं स्वमुखानें कबूल केलें. धर्मशास्त्रकारांनीं नियोगाची जी चर्चा केली, ती पतीच्या ठिकाणीं न्यून असूं शकतें हें गृहीत धरल्याशिवाय संभवतच नव्हती. त्या काळच्या उपायांचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु 'दोष नेहमीं सुनेचाच' ही समजूत ज्या परंपरेच्या नांवावर खपविली जाते, त्या परंपरेंत तिला आधार नाहीं, एवढें दाखविणें आवश्यक वाटलें.

भिंगाखालचें बीज

पुरुषबीज प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याचा योग १६७७ सालीं आला. हॉलंडांतील डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक हा स्वतः घासलेल्या भिंगांतून नाना पदार्थ पाहत असे. एका विद्यार्थ्यानें ही गोष्ट त्याच्या नजरेस आणली. मग त्यानें स्वतः निरीक्षण केलें आणि वीर्यांत शेपटी हालवीत पोहणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यास दिसले. त्यानें तें वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. मात्र विद्वानांस हा मजकूर अप्रशस्त वाटल्यास तो प्रसिद्ध करूं नये, अशी विनंतीहि केली. ह्या विषयावर बोलतांना वाटणारा संकोच असा जुना आहे आणि केवळ आपल्याच देशाचा नाहीं.

पुढें १६९४ सालीं हार्टसोकर नांवाच्या दुसऱ्या एका डच शास्त्रज्ञानें शुक्राणूच्या डोक्यांत अंग मुडपून बसलेल्या चिमुकल्या माणसाचें कल्पनाचित्र छापलें. सबंध मनुष्य बीजांतच असतो, स्त्री ही केवळ त्याची जमीन, असें मानणारे विद्वान् त्या वेळीं युरोपांत पुष्कळ होते. गंमत अशी कीं, पिकाचें सर्व श्रेय बीजास देणारे हे लोक पीक न आल्यास दोष मात्र जमिनीसच देत. अखेर १८७६ सालीं जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यानें समुद्रांतील सी-अर्चिन नांवाच्या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत शुक्राणूचें व स्त्रीबीजाचें केंद्र एकमेकांस मिळतांना पाहिलें, आणि दोघांचा वांटा सारखाच असतो हें निर्विवाद ठरलें. शास्त्रांत ही वांटणी होऊन दीडशें वर्षें होत आलीं. घरांत ती अद्यापि व्हावयाची आहे.

नव्वद दिवसांचा कारखाना

स्त्री जन्मास येते तेव्हांच तिच्या अंडाशयांत आयुष्याची सर्व पुंजी, म्हणजे सुमारें दहा ते वीस लाख स्त्रीबीजें, असते. ती पुढें वाढत नाहीं, कमीच होत जाते. पुरुषाचें तसें नाहीं. वयांत आल्यापासून त्याच्या वृषणांत दररोज कोट्यवधि शुक्राणु नव्यानें तयार होत असतात. एक शुक्राणु पूर्ण घडण्यास सुमारें ७४ दिवस लागतात, आणि त्यानंतर वृषणास लागून असलेल्या बारीक नळीच्या वेटोळ्यांतून जातां जातां त्यास पोहण्याचें सामर्थ्य येण्यास आणखी कांहीं दिवस. म्हणजे आज जें बीज आहे तें जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीं पेरलेलें असतें. ज्यास तीन महिन्यांपूर्वीं टायफॉइडासारखा कडक ताप येऊन गेला, त्याची आजची तपासणी वाईट येऊं शकते, आणि आणखी तीन महिन्यांनीं तीच चांगली येऊं शकते. कोणत्याहि औषधाचा गुण पाहावयाचा तर तितकेंच थांबावें लागतें. 'पंधरा दिवसांत खात्रीनें गुण' अशी जाहिरात ज्या पुडीवर असेल, तिच्या निर्मात्यास एक तर हें शास्त्र ठाऊक नाहीं किंवा आपल्यास तें ठाऊक नसावें अशी त्याची इच्छा आहे.

हें काम शरीराच्या उष्णतेहून दोन ते चार अंश सेल्सिअस कमी उष्णतेंत चालतें. निसर्गानें वृषण पोटाच्या बाहेर ठेवले आहेत ते याचसाठीं.

बीज कां बिघडतें?

सर्वांत अधिक आढळणारें कारण म्हणजे वृषणावरील शिरा फुगणें. डॉक्टर त्यास व्हेरिकोसील म्हणतात. बहुधा डाव्या बाजूस ह्या शिरा फुगतात, रक्त सांचतें व उष्णता वाढते. शंभरांतील सुमारें १५ पुरुषांत त्या असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांस मुलेंहि होतात. परंतु वंध्यत्वाच्या तपासणीस येणाऱ्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ३५ ते ४० पर्यंत जातें. योग्य निवड केलेल्या रुग्णांस लहानशा शस्त्रक्रियेनें गुण येतो.

दुसरें कारण लहानपणचें. गर्भांत असतांना मुलाचे वृषण पोटांत असतात व जन्मापूर्वीं खालीं उतरतात. कांहीं मुलांत ते उतरत नाहींत. जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी. तरीहि न उतरल्यास दीड वर्षाच्या आंत शस्त्रक्रिया करून ते खालीं आणावे, असें आजचें शास्त्र सांगतें. उशीर होईल तितकी पोटांतील उष्णतेनें बीज तयार करणाऱ्या पेशींची हानि होते, आणि पुढें वृषणाच्या कर्करोगाचा धोकाहि वाढतो. घरांतील तान्ह्या मुलास न्हाऊंमाखूं घालणाऱ्या आजीबाईंनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. एका नातवाचें उभें आयुष्य त्यांच्या नजरेंत सांपडूं शकतें.

तिसरें कारण गालगुंड. वयांत आल्यावर ज्यास हा आजार होतो, अशा पुरुषांपैकीं कांहींचे वृषण सुजतात. बहुधा एकच बाजू सुजते, व पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतें. तथापि गोवराच्या लशीबरोबर गालगुंडाचीहि लस एकत्र मिळते, ती मुलांस वेळेवर टोचून घेणें शहाणपणाचें. याशिवाय क्षयरोग व इतर जंतुसंसर्ग यांनीं बीज वाहून नेणारी नळी बंद होऊं शकते; आणि कांहींजणांत दोष जन्मतःच गुणसूत्रांत असतो, त्यास कोणाचाच इलाज व कोणाचाच अपराध नसतो.

तंबाखू, मद्य, लठ्ठपणा, मधुमेह, भट्टीपाशीं दीर्घकाळ काम, हींहि बीजास मारक आहेत. कित्येक रासायनिक द्रव्यें तर फारच. १९७७ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, जमिनींतील कृमि मारणारें डी. बी. सी. पी. नांवाचें औषध तयार करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांच्या आपसांतील बोलण्यांत असें आलें कीं, अलीकडे आपल्यापैकीं कोणासच मूल झालेलें नाहीं. तपासणी केली तेव्हां कित्येकांच्या वीर्यांत शुक्राणु मुळींच नव्हते. प्रकृतीनें ते सर्व धडधाकट होते. आपल्या शेतांवर औषधें फवारणाऱ्यांनीं हातमोजे व तोंडास फडकें यांचा कंटाळा कां करूं नये, याचें हें उदाहरण आहे.

आणखी एका नव्या व्यसनाविषयीं सांगणें भाग आहे. व्यायामशाळेंत जाणाऱ्या कांहीं तरुणांस दंड-छाती लवकर भरावी म्हणून टेस्टोस्टेरॉनचीं किंवा तत्सम इंजेक्शनें दिलीं जातात. हें पुरुषत्वाचें संप्रेरक १९३५ सालीं प्रथम शुद्ध रूपांत हातीं आलें. तें बाहेरून दिलें कीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीस वाटतें, शरीरांत पुरेसें आहे. ती वृषणास हुकूम देणें थांबविते, आणि बीज तयार होणें बंद पडतें. बाहेरून पैलवान दिसणाऱ्या तरुणाच्या वीर्यांत एकहि शुक्राणु नाहीं, असें आम्हीं स्वतः अनेकदां पाहिलें आहे. इंजेक्शनें थांबविल्यावर बहुधा सहा महिने ते वर्षभरांत स्थिति सुधारते. कित्येकदां त्याहून अधिक काळ लागतो.

आमच्याकडे आलेल्या त्या कुटुंबाची हकीकत येथें पुढें चालवितों. पतीस आम्हीं आंत बोलावून एकांतांत तपासलें. जांघेंत दोन्ही बाजूंस जुन्या शस्त्रक्रियेच्या पुसट खुणा होत्या. त्यांस विचारलें तर म्हणाले, "लहानपणी काहीतरी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, असं आई सांगते." मग त्यांच्या अनुमतीनें मातोश्रींस विचारलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या व म्हणाल्या, "तो आठ वर्षांचा होता. गोळ्या उतरल्या नव्हत्या म्हणून ऑपरेशन केलं होतं. पण ते तर तेव्हाच बरं झालं. त्याचा याच्याशी काय संबंध?" त्यांनीं कांहींहि लपविलें नव्हतें. सात वर्षांत त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें.

तपासणी कशी होते?

वीर्याची तपासणी ही ह्या शास्त्रांतील सर्वांत सोपी तपासणी आहे. तींत सुई नाहीं, भूल नाहीं, चिरफाड नाहीं. आणि खर्च नळ्यांच्या एका फोटोहून पुष्कळ कमी. दोन ते सात दिवस ब्रह्मचर्य पाळून प्रयोगशाळेंतच नमुना द्यावा. तें अशक्य असल्यास घरून तासाभराच्या आंत, अंगाच्या उबेंत ठेवून पोंचवावा. एका अहवालावरून निकाल देऊं नये. तो वाईट आल्यास कांहीं आठवड्यांनीं पुन्हां पाहावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या तपासणीची पहिली मार्गदर्शिका १९८० सालीं काढली. २०२१ सालीं सहावी आवृत्ति निघाली. तींत दिलेल्या खालच्या मर्यादा अशा : द्रव १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरांत शुक्राणु एक कोटि साठ लाख, एकूण शुक्राणु तीन कोटि नव्वद लाख, हालचाल करणारे शेंकडा ४२, आणि नमुनेदार आकाराचे शेंकडा ४. हा शेवटचा आंकडा पाहून पुष्कळ जण घाबरतात. परंतु शेंकडा ९६ वेडेवांकडे असणें हेंहि निसर्गनियमांतच बसतें. ह्या मर्यादा ज्यांच्या पत्नींस वर्षभराच्या आंत दिवस गेले अशा पित्यांच्या तपासणीवरून काढल्या आहेत, आणि त्या पित्यांपैकींहि शंभरांत पांचजण त्यांच्या खालींच होते. म्हणून आंकडा थोडा कमी आला म्हणजे आशा संपली असें नव्हे, आणि बरोबर आला म्हणजे कार्यभाग झाला असेंहि नव्हे. अहवालाचा अर्थ जाणत्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा. घरांत बसून त्याचें भविष्य वर्तवूं नये.

उपाय आणि त्याची किंमत

१९७८ सालीं इंग्लंडांत शरीराबाहेर गर्भधारणा झालेलें पहिलें मूल जन्मास आलें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं अशा पद्धतीनें मुलगी जन्मली, तेव्हां डॉ. इंदिरा हिंदुजा यांचें नांव घरोघर झालें. परंतु बीज फारच थोडें असलेल्या पुरुषांस खरी आशा लाभली ती १९९२ सालीं. ब्रुसेल्स येथील संशोधकांनीं एकच शुक्राणु बारीक सुईनें स्त्रीबीजांत सोडून गर्भ राहतो असें त्या वर्षीं प्रसिद्ध केलें. ह्या पद्धतीस इक्सी म्हणतात. आज ती आपल्या जिल्ह्याच्या गांवांतहि उपलब्ध आहे.

मात्र येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. दोष पुरुषाच्या बीजांत असला तरी इक्सीचा उपचार होतो तो स्त्रीच्या शरीरावर. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनें तिनें घ्यावयाचीं, भूल घेऊन स्त्रीबीजें तिनें काढून द्यावयाचीं, आणि यश न आल्यास पुन्हां तेंच तिनेंच सोसावयाचें. यशाची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं, आणि स्त्रीचें वय पस्तिशीच्या पुढें जाईल तसतशी ती आशा कमी होत जाते. म्हणून पतीची तपासणी लवकर झाली, आणि शिरांची शस्त्रक्रिया, व्यसनत्याग, इंजेक्शनें बंद करणें अशा साध्या उपायांनीं काम भागलें, तर पत्नी एका मोठ्या कष्टांतून वांचते. जेथें इक्सीवांचून मार्ग नाहीं, तेथेंहि तो मार्ग तिच्या तिसाव्या वर्षीं धरणें आणि सदतिसाव्या वर्षीं धरणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तपासणी टाळण्यांत पति जीं वर्षें घालवितो, तीं पत्नीच्या पुंजींतून खर्च होतात.

दुसऱ्या पुरुषाच्या बीजाचा उपयोग करणें किंवा दत्तक घेणें हेहि मार्ग आहेत. पहिल्यासाठीं २०२१ च्या कायद्यानें पतिपत्नी दोघांचीहि लेखी संमति आवश्यक केली आहे. यांपैकीं कोणता मार्ग धरावा हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. परंतु तो दोघांनीं मिळून, उघड्या डोळ्यांनीं ठरवावा.

वडील मंडळीस विनंति

एकत्र कुटुंबांत हा विषय पतिपत्नींपुरता राहत नाहीं. म्हणून घरांतील वडील मंडळीस आमच्या चार विनंत्या आहेत. वर्षभर वाट पाहूनहि दिवस न गेल्यास दोघांनीं एकाच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. सुनेचें वय पस्तीसहून अधिक असल्यास सहा महिन्यांनींच जावें. पतीची तपासणी झाल्याखेरीज पत्नीस भूल देऊन होणारी कोणतीहि तपासणी करूं देऊं नये. मुलाच्या लहानपणच्या शस्त्रक्रिया, गालगुंड, मार लागणें, दीर्घ आजार यांची माहिती आईवडिलांनीं आपण होऊन सांगावी. ती त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणास नसते. आणि दोष मुलाकडे निघाल्यास त्यास टोमणा मारूं नये, त्याप्रमाणेंच तो लपवूनहि ठेवूं नये. नवस, व्रतें, तीर्थयात्रा यांनीं मनास धीर येत असेल तर तीं अवश्य करावीं. मात्र तीं तपासणीच्या जागीं नकोत.

त्या कुटुंबाविषयीं आणखी थोडें सांगून हा लेख संपवितों. पतीच्या दोन्ही तपासण्यांत एका मिलिलिटरामागें दहा लाखांहूनहि कमी शुक्राणु आढळले. इक्सीवांचून उपाय नव्हता. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्याची तयारी हें लिहीत असतां चालली आहे, आणि त्याचें फळ काय येईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पतीस आम्हीं वृषणाची स्वतः दरमहा तपासणी कशी करावी हेंहि शिकविलें आहे. कारण त्यांच्या बाबतींत ती जन्मभर आवश्यक आहे.

मध्यंतरीं सूनबाई एकट्याच येऊन गेल्या. त्यांच्या धाकट्या नणंदेचें डोहाळजेवण नुकतेंच झालें होतें. सात वर्षांत घरांत व नात्यांत अशीं पुष्कळ कार्यें झालीं; प्रत्येक वेळीं त्यांस स्वयंपाकघरांत कांहीं ना कांहीं काम निघे, आणि ओटी भरण्याच्या वेळीं त्यांस कोणी बोलावीत नसे. या वेळीं सासूबाईंनीं त्यांस हाक मारून बाहेर आणलें, जमलेल्या बायकांसमोर कुंकवाचा करंडा त्यांच्या हातांत दिला व म्हटलें, "पहिली ओटी ही भरेल. हिच्यात काही दोष नव्हता. चूक आमची होती, आम्ही विचारलंच नाही."

सूनबाईंनीं हें सांगितलें, डोळे पुसले, आणि पुढच्या इंजेक्शनाची तारीख विचारली.